सुधाताईंचे बॉम्ब

एप्रिल लागला की आमची बिल्डिंग गप्प होते. चौकातलं क्रिकेट बंद, जिन्यातली पळापळ बंद, टीव्ही लागला तरी दारं लावून, हळू आवाजात. तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी घसा ताणून इतिहास पाठ करत असतं आणि स्वयंपाकघरातून त्याची आई पोळी उलटता उलटता त्याच्या सनावळ्या दुरुस्त करत असते. सकाळी खाली बघावं तर काखेत पॅड, कपाळाला अंगारा, अशी पोरं निघालेली. बाजारात कैऱ्या आलेल्या असतात. पिशवीतून काढताना त्यांचा चीक हाताला लागतो आणि वास दुपारपर्यंत जात नाही.

आणि मला काय होतं सांगू? उजव्या हाताचा अंगठा शिवशिवायला लागतो. कुठेतरी एक लाल बटण असावं आणि मी ते धाडकन दाबावं असं वाटतं. गुडघ्यांना वय कळलंय, अंगठ्याला अजून नाही.

हसताय ना? हसा. सांगते.

आमची डोंबिवलीत जमीन होती. आधी भात पिकायचा, मग बिल्डिंग पिकली. जमिनीच्या बदल्यात घरं मिळाली आणि खाली रस्त्याला लागून एक गाळा. कुणी म्हणालं किराणा टाका, कुणी म्हणालं पिठाची गिरणी. आमच्या ह्यांनी काय आणलं? व्हिडिओ गेमची मशीनं. कपाटाएवढी उभी, समोर काच, खाली दांडी आणि बटणं. लोकांना सांगायचे, "धंदा आहे." मला माहीत होतं, ह्यांना स्वतःलाच खेळायचं होतं.

त्यातलं एक विमानाचं. आपलं छोटंसं विमान काचेच्या तळाशी, आणि सगळं जग वरून खाली सरकत येतं. शेतं येतात, पाणी येतं, रणगाडे येतात, बोटी येतात, आणि सगळे आपल्या एकट्याच्या जिवावर उठलेले. आपण गोळ्या झाडायच्या, त्यांच्या चुकवायच्या, आणि वर वर जात राहायचं. थांबायची सोय नाही. मागे फिरायची तर नाहीच.

परीक्षा तोंडावर आल्या आणि एका दुपारी बिल्डिंगमधल्या सगळ्या आया गाळ्यावर चालून आल्या. पुढे सुधाताई. आमच्या वरच्या मजल्यावरच्या. माहेर चिपळूणकडचं, बोलणं स्वच्छ, घर त्याहून स्वच्छ. त्यांच्या नितीनचा शाळा सुटल्यावर मुक्काम आमच्या गाळ्यात, म्हणून त्यांचा राग सगळ्यात मोठा.

"भाऊ," त्या ह्यांना म्हणाल्या, "परीक्षा संपेपर्यंत शटर खाली."

"ताई, आम्हाला पण पोट आहे ना."

"मग आम्ही इथेच बसतो. वर्षाचे गहू आलेत घरात. रोज दुपारी इथे बसून निवडू. बघू कोणाचा मुलगा आईसमोर येऊन खेळतो ते."

"बसा की," हे म्हणाले. "पंखा लावून देतो."

दुसऱ्या दिवशी खरंच आल्या हो! सुपं घेऊन, चटया घेऊन. शटर अर्ध्यावर ओढलेलं, आत गार अंधार, वर पंखा, आणि सगळ्याजणी गहू निवडतायत. पोरं लांबूनच परत गेली. मग हळूहळू बायकाही कमी झाल्या, कारण काम झालेलं. पण सुधाताईंचा कुणावर विश्वास नाही. त्या येतच राहिल्या. मी घरचीच. अशा आम्ही दोघी उरलो.

आता त्या मशीनचं कसं होतं, कुणी खेळत नसलं की ते आपलंआपणच खेळायचं. विमान निघायचं, दोनचार रणगाडे उडवायचं, आणि दरवेळी त्याच एका तोफेपाशी जाऊन मरायचं. परत निघायचं, परत तिथेच मरायचं. सुधाताई सूप हलवता हलवता बघायच्या. आधी नुसत्या बघायच्या. मग चुकचुकायला लागल्या. मग एक दिवस म्हणाल्या, "अगं यमुना, गोळी समोरून येताना दिसतेय, तर हा सरकत का नाही?"

"सुधाताई, ते मशीन आहे."

"असेल. पण काल मेला, परवा मेला, तिथेच मेला. शिकायला नको?"

आणखी एकदा मेला तेव्हा त्यांनी सूप खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि उठल्या. "बाजूला हो," म्हणाल्या. मी कशाला बाजूला होऊ, मी समोर नव्हतेच. त्या त्याला म्हणत होत्या, आतल्याला.

तिथून जी दुपार सुरू झाली ती परीक्षा संपेपर्यंत संपली नाही.

मी त्याआधी चोरून खेळलेले होते, त्यामुळे शिकवायला मी. लाल डबी तरंगत येते, ती घेतली की गोळ्या पंख्यासारख्या पसरतात. आम्ही तिला झारी म्हणायचो, बागेला पाणी घालावं तशी. डबी जरा थांबून घेतली तर निळी होते, मग एकच सरळ जाडजूड उजेडाची रेघ. मला झारी आवडायची. सगळ्यांना थोडं थोडं, कुणी उपाशी नको. सुधाताईंना निळी. "एक काम धर आणि पुरतं कर." त्या डबी निळी होईपर्यंत वाट बघत बसायच्या, आजूबाजूला गोळ्यांचा पाऊस, आणि ह्या भाजीवालीपुढे उभ्या असल्यासारख्या. डबी बदलली की पटकन उचलायची.

विमान फुटलं की हे सगळं जातं बरं का. झारी जाते, रेघ जाते, परत ती पहिली किरकोळ टिकली झाडणारी बंदूक. मी लग्न होऊन आले तेव्हा मला असंच वाटलेलं. माहेरी मी केवढी तरबेज, आणि इथे चुलीपासून पुन्हा सुरुवात. पण त्या टिकलीवर पण चार पावलं जाता येतं. पुढे डबी येतेच.

गोळ्या चुकवायचं मला कुणी शिकवलं नाही. आमचं माहेर दिवा गावच्या खाडीकडचं. लहानपणी आम्ही मिठागरांच्या बांधांवरून पळायचो. बांध वीतभर, दोन्ही बाजूला पाणी, वर ऊन असं की डोळे मिटावे. पाण्याकडे बघितलं की पाय पाण्यातच जातो. बांधाकडे बघायचं. मशीनवर पण तेच. काच गोळ्यांनी भरली तरी गोळ्यांकडे नाही बघायचं, मधल्या वाटेकडे बघायचं. मी हे सुधाताईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हे आमच्या सासूबाईंच्या वेळी सांगायचंस ना गं."

त्या खेळाचे टप्पे होते, आणि टप्प्यांची इंग्रजी नावं आम्हाला काय करायचीत? आम्ही आपली आजूबाजूच्या ठिकाणांची नावं ठेवली. पहिली हिरवी शेतं म्हणजे दिवा. मग बोटींचं पाणी, ती खाडी. मग पॉवर हाऊससारखी उंच धुराडी आली की ठाकुर्ली. रुळांचं जाळं आणि तोफा लावलेल्या मालगाड्या, ते कल्याण, दुसरं काय असणार. मग नदीवरचा लांब पूल, ते शहाड. आणि सगळ्यात शेवटी नुसते ढग. त्याला आम्ही नाव दिलं नाही. "वर" म्हणायचो. वर एक विमान यायचं, काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पंख पसरलेलं. ते यायच्या आधी भोंगा वाजायचा. सुधाताईंच्या नणंदबाई येताना पण रिक्षावाल्याला खालूनच हॉर्न मारायला लावायच्या, म्हणून त्या विमानाचं नाव वन्सं.

माझा मुक्काम बहुतेक ठाकुर्लीला. तिथल्या धुराड्यांपाशी माझं विमान फुटायचंच. सुधाताई मात्र पुढे पुढे. आणि त्याचा एकदा घोळ झाला. रात्री जेवताना त्यांनी नितीनच्या बाबांना भात वाढता वाढता सहज म्हटलं, "आज शहाडला पोचले, पण तिथून परत यावं लागलं."

"शहाडला? तू? कशाला गेलेलीस?"

"अं? कापड बघायला."

"मग परत का आलीस?"

"पुलावर फार गर्दी होती हो."

दुसऱ्या दिवशी मला हे सांगताना त्यांना इतकं हसू आलं की दांडी सुटली आणि विमान खाडीतच गेलं.

आता बॉम्बचं सांगते. लाल बटण म्हणजे बॉम्ब. दाबलं की सगळी काच पांढरी होते, आवाज पोटात जातो, आणि समोरचं सगळं साफ. मोजकेच मिळतात, पण विमान फुटलं तरी पुढच्या विमानाला राहतात. मी मिळाला की टाकला. मला तो पांढरा उजेडच आवडायचा. सुधाताई टाकायच्याच नाहीत. "राहू दे. पुढे लागेल." त्यांच्या घरी पण तसंच होतं सगळं. शोकेसमध्ये सोनेरी काठाचे काचेचे ग्लास, लग्नात आलेले. आम्हाला कधी त्यात पाणी मिळालं नाही, की त्यांच्या वन्संना मिळालं नाही. चादरी ट्रंकेत घड्या मोडायच्या बाकी. फ्रिजच्या दांडीला रुमाल बांधलेला. सगळं पुढे लागणार होतं.

आणि गंमत बघा, मशीनला ते आवडायचं! टप्पा संपला की वाचवलेल्या प्रत्येक बॉम्बचे गुण मिळायचे. शिवाय पदकांचं वेगळंच. उडवलेल्या गाडीतून सोन्याची पदकं पडायची, एक उचललं की पुढच्याला जास्त गुण, त्याच्या पुढच्याला आणखी जास्त. पण एक जरी सुटलं तर परत पहिल्या भावावर. सुधाताईंच्या हातून सुटतंय कुठे? गव्हातला खडा सुटत नाही ज्यांच्या हातून. हे एकदा मागे उभे राहून बघत होते, म्हणाले, "ताई, शेवटपर्यंत न जाता एवढा स्कोअर? हे तर पोरांना पण जमत नाही."

"स्कोअर राहू दे भाऊ," सुधाताई म्हणाल्या. "मला एकदा बघायचंय, वन्संच्या पलीकडे काय आहे ते."

"सांगू?"

"खबरदार सांगाल तर. मी बघणार."

तेवढंच त्यांना हवं होतं. आणि ते शेवटच्या पेपरच्या आत व्हायला हवं होतं. पेपर संपले की शटर पूर्ण वर, गाळा पोरांचा. मोर्चा आणलेली बाई परत त्या दांडीला हात कुठल्या तोंडाने लावणार? पोरांना कळलं असतं तर "अभ्यासाला बस" म्हणायची सोय राहिली नसती.

त्यातच चैत्रगौरीचं हळदीकुंकू आलं. मी ते गाळ्यातच केलं, गार होता म्हणून. एका मशीनच्या डोक्यावर गौर बसवली, कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. बायकांनी ओट्या घेतल्या आणि जाता जाता सगळ्या मशीनांना पण हळदकुंकू लावून गेल्या. घरात काही लक्ष्मी आणत असेल तर लावायला काय हरकत, असं. विमानाच्या मशीनला सुधाताईंनी लावलं. दोनदा.

शेवटचा पेपर भूगोलाचा. दुपारी आम्ही बसलो. सुधाताई त्या दिवशी आपलं एकही विमान न घालवता ठाकुर्लीच्या पुढे गेल्या. कल्याणचं यार्ड पार, शहाडचा पूल पार. मी मागून बोलतेय आणि त्या मला गप्प करतायत. ढग आले. भोंगा वाजला.

"वन्सं आल्या," सुधाताई म्हणाल्या आणि पदर खोचला.

वन्संनी दोन्ही हातांनी गोळ्या ओतायला सुरुवात केली. आपल्या तीन विमानांतलं एक गेलं. दुसरं गेलं. आता शेवटचं. काचेवर वाट म्हणून उरली नव्हती, बांध नाही, काही नाही, आणि खाली कोपऱ्यात बॉम्ब सगळेच्या सगळे शिल्लक. मी ओरडले, "टाका ना!"

"थांब गं."

"टाका, सुधाताई!"

"थांब, अजून पुढे..."

फुटलं. सगळे बॉम्ब घेऊन फुटलं.

मशीनने गाणं वाजवलं आणि यादी दाखवली. सगळ्यात वर जागा मोकळी, नावाची तीन अक्षरं घाला म्हणून. तेवढ्यात कोपऱ्यावरून पोरांचा गलका. पेपर सुटला! सुधाताईंनी दांडी फिरवत एस घातला, यू घातला, डी घातला. आणि सूप उचलून मागच्या दाराने दोघी पसार.

मी जिन्यात पोचले तोपर्यंत खालून नितीनचा आवाज आला, "अरे, हा एस-यू-डी कोण आहे?"

ती अख्खी सुट्टी पोरांनी एस-यू-डीच्या मागे घालवली. कुणी म्हणालं ठाण्याचा कुणीतरी आहे, दाढीवाला, दुपारी येऊन जातो. कुणी म्हणालं विठ्ठलवाडीचा. नितीनने तर त्याला बघितलं पण होतं म्हणे, पाठमोरा. यादीतून त्याला खाली पाडायला पोरं जीव टाकायची, पण जमेना. ती बॉम्ब टाकायची ना. मी ह्यांना बजावलेलं, मशीनची वायर काढायची नाही. कारण वायर काढली की ते सगळं विसरायचं. हे रात्री नुसती काच अंधारी करून वर चादर टाकायचे.

वर सुधाताईंच्या घरी काय चालायचं ते त्या मला सांगायच्या. नितीन जेवताना सांगतोय, एस-यू-डी असा आणि एस-यू-डी तसा. आणि ह्या वाढतायत.

"सांगून टाका ना," मी म्हणायचे.

"नको. पुढे कधीतरी."

मग मशीनं भाड्याने देणारा आला, त्याने ते नेलं, दुसरं मारामारीचं आणलं. नाव पुसलं गेलं. माझं जायला नव्हतंच काही. माझ्या नावाचं वाय अक्षर इतकं लांब, दांडी फिरवत तिथवर पोचायच्या आत वेळ संपायचा. म्हणून यादीत अगदी तळाला तीन वेळा ए असायचं ना, ते मी.

गाळ्यात आता मोबाइलचं दुकान आहे. भाडं येतं. हे तिथे जाऊन बसतात आणि पोरांना विचारतात, यात विमानाचा गेम आहे का?

परवा सुधाताईंचा फोन आला. त्या आता ठाण्याला, घोडबंदर रोडला, नितीनकडे. त्याची ईरा नववीला. "यमुना, ये," एवढंच म्हणाल्या. आवाजावरून कळलं, काहीतरी शिजतंय. माझ्या मुलाने गाडीने सोडलं.

शोकेस तिकडे पण आहे. सोनेरी काठाचे ग्लास तिकडे पण आहेत, तसेच, रांगेत. मी बघितलं, त्यांनी बघितलं मी बघितलेलं.

"नितीनने टीव्हीला एक डबी जोडलीय," त्या हळूच म्हणाल्या. "त्याच्या लहानपणचे सगळे गेम. ईराची परीक्षा आहे म्हणून दांडी कपाटावर टाकून ठेवलीय. परीक्षा संपेपर्यंत बंद, म्हणतो. अगदी माझ्यासारखं बोलतो गं. आज शेवटचा पेपर. तो तिला आणायला गेलाय."

"आणि तुम्हाला काय करायचंय?"

"वन्संच्या पलीकडे बघायचंय."

कपडे वाळत घालायच्या काठीने आम्ही ती दांडी कपाटावरून ओढून खाली पाडली. माझ्याच अंगावर पडली. नशीब, उशी धरलेली. सुधाताईंची बोटं आता वाकडी झालीत, मोतीबिंदू काढलेत, सोफ्यावर पाठीला तक्क्या लागतो. पण टीव्हीवर हिरवी शेतं खाली सरकायला लागली आणि त्यांची पाठ सरळ झाली. "दिवा," म्हणाल्या. त्याच डब्या तरंगत आल्या, त्याच आधी लाल, मग निळ्या. त्या थांबल्या. निळी उचलली. खाडीत तिन्ही विमानं बुडाली, पण एकदाच पुढे चालू ठेवायची सोय होती, आम्ही ठेवलं. ठाकुर्लीला मी उगाच हात जोडले. कल्याण. शहाड.

ढग आले आणि भोंगा वाजला. आम्ही दोघींनी एकमेकींचा हात धरला. मग त्यांना आठवलं की त्या हाताने खेळायचंय.

वन्संनी ओतलं. काच भरली. शेवटचं विमान, आणि कोपऱ्यात बॉम्ब सगळे शिल्लक. मी काही बोलणार नाही असं ठरवलेलं. तेवढ्यात खाली लिफ्टचा आवाज. आणि माझ्या तोंडून निघालं, "टाक गं सुधे, आता कधी?"

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना एकेरी हाक मारली. त्यांनी माझ्याकडे बघितलं पण नाही. वाकडा अंगठा लाल बटणावर ठेवला आणि दाबला. पांढरं. परत दाबला. पांढरं. परत. सगळे. अहो, जेवढे होते तेवढे सगळे! खोलीत दिवाळी झाली, शोकेसच्या काचा थरथरल्या, आणि त्या उजेडात वन्सं तुकडे तुकडे होऊन खाली गेल्या.

मग शांत. ढग बाजूला झाले. खाली एक छोटी धावपट्टी, बाजूला कौलारू घर. आपलं विमान हळूहळू उतरलं, पंखा थांबला, आणि घराच्या खिडकीत दिवा लागला.

"अगं," सुधाताई म्हणाल्या, "हे तर घरी आलं."

"हो की."

"मी म्हटलं काय असेल नि काय नाही." आणि हसायला लागल्या, चष्मा काढून, पदराने डोळे पुसत.

दाराच्या कुलपात किल्ली फिरली तेव्हा यादी आलेली होती. बॉम्ब सगळे उधळलेले, त्यांचे गुण नाहीत, पण टीव्हीवरची यादी नवीकोरी, म्हणून वर जागा होती. मी म्हटलं, "बंद करू?"

"नको," त्या म्हणाल्या. आणि दांडी फिरवून एस घातला, यू घातला, डी घातला.

ईरा आधी आत आली. "आजी! बाबांनी बंद केलेलं ना हे?" मग मागून नितीन, गाडीची किल्ली बोटात. तो टीव्हीकडे बघत उभा राहिला. ईराला त्याने शंभरदा सांगितलेलं असणार, कारण तिनेच मोठ्याने वाचलं, "बाबा, एस-यू-डी! तुमचा तो दाढीवाला!"

नितीन एकदा टीव्हीकडे बघतो, एकदा आईकडे. "आई," म्हणाला, "तू?"

"भूगोल कसा गेला गं?" सुधाताईंनी ईराला विचारलं, आणि उठून शोकेसकडे गेल्या. काच सरकवली. ती इतक्या वर्षांत सरकली नव्हती, करकरली. सोनेरी काठाचे ग्लास एकेक करून बाहेर काढले, पदराने पुसले आणि टेबलावर मांडले.

"हात धुऊन ये, नितीन," त्या म्हणाल्या. "पन्हं केलंय."